पोट दुखतंय, मग ईसीजी कशाला?

प्रश्न : माझ्या वडिलांच्या (वय ६८, मधुमेह) पोटात रात्री अचानक जबर कळ आली. कॅज्युअल्टीत आधी ईसीजी काढला, बोटातून साखर पाहिली आणि निदान व्हायच्या आतच वेदनाशामक इंजेक्शन दिलं. सोनोग्राफी केलीच नाही, थेट सीटी स्कॅनला नेलं. हे बरोबर झालं का? दुखणंच दाबलं, तर आजार कळणार कसा?

उत्तर : ईसीजी काढला ते उत्तम झालं. हृदयाच्या खालच्या भागाचा रक्तपुरवठा अडला, तर कळ छातीऐवजी बेंबीच्या वर येऊ शकते, विशेषतः वयस्कर आणि मधुमेही रुग्णांत. ‘अ‍ॅसिडिटी झालीय’ म्हणत आलेल्यांना मी थेट हृदयविकार विभागात पाठवलेलं आहे. साखरेचंही तेच. मधुमेहात रक्तात कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) साठले की पोट इतकं दुखतं, उलट्या होतात, की शस्त्रक्रियेची तयारी सुरू व्हावी. खरी गरज असते ती सलाईन आणि इन्सुलिनची.

इंजेक्शनबद्दलची भीती जुनी आहे आणि ती आम्हा डॉक्टरांनीच पसरवली. सर्जनने पोट पाहिल्याशिवाय वेदनाशामक द्यायचं नाही, असंच आम्हाला शिकवलं होतं. पुढे रीतसर अभ्यास झाले, त्यांत योग्य मात्रेने निदान चुकण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. उलट कळीने बेजार माणूस पोट आवळून धरतो. थोडा आराम पडला की स्नायू सैल सोडतो आणि नेमकी दुखरी जागा हाताला लागते.

आता सीटीचं. कुठली तपासणी करायची, हे आधी रुग्णाकडे बघून ठरतं. पोटाला हात लावण्याआधी मी पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून नुसता बघतो. मुतखड्याचा रुग्ण एका जागी ठरत नाही. उठतो, बसतो, कुशी बदलतो. आतड्याला किंवा जठराला छिद्र पडलेला मात्र निपचित पडतो, श्वासही वरवर घेतो, आणि स्ट्रेचर दाराला लागला तरी कळवळतो. अशाचं पोट फळीसारखं कडक लागतं. मग खोकायला सांगतो. खोकताना हात आपोआप जिथे जातो, ती जागा शेवटी तपासायची. चादर बाजूला करून जांघाही पाहायच्या, कारण अडकलेला हर्निया पांघरुणाखाली राहून जातो. तरुण बाई असेल, तर ती ‘शक्यच नाही’ म्हणाली तरी गर्भचाचणी करायची.

मला सर्वांत धास्ती वाटते ती वेगळ्याच रुग्णाची : माणूस तळमळतोय, पण पोट मऊ. त्यात वय झालेलं आणि नाडी अनियमित असेल, तर आतड्याच्या धमनीत गुठळी अडकल्याची शंका घ्यावीच लागते. सोनोग्राफी पित्ताशयाला छान, पण आतड्यातल्या वायूपुढे तिचं फारसं चालत नाही. इथे रक्तवाहिन्यांत औषध सोडून केलेला सीटीच हवा, आणि तोही लगेच, कारण काही तासांत आतडं मरू लागतं. तुमच्या डॉक्टरांच्या मनात बहुधा हेच असावं.

म्हाताऱ्या माणसांत गंभीर आजारातही कित्येकदा ताप नसतो, पांढऱ्या पेशी वाढलेल्या नसतात. म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणून घरी पाठवलं आणि कळ पुन्हा आली, तर सकाळची वाट पाहू नका. परत न्या, आणि तोवर खायला, प्यायला किंवा जुलाबाचं औषध देऊ नका.