जेलमधल्या पट्ट्या हसतात कशाने?

प्रश्न : रत्नागिरीजवळच्या आमच्या कॉलेजात बांगडा, तारली यांचं डीएनए बारकोडिंग (डीएनएच्या ठरावीक तुकड्यावरून जात ओळखणं) चालतं. पीसीआरनंतर (डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढल्यावर) साधारण ६५० बेस-जोड्या लांबीचा तुकडा अ‍ॅगरोज जेलवर, म्हणजे विजेने डीएनए ज्यातून सरकतो त्या जेलीत, पट्टीसारखा बघतो. हल्ली मधल्या पट्ट्या पुढे पळतात, कडेच्या मागे राहतात. ओळ हसऱ्या तोंडासारखी दिसते. परवा तर नमुना भरायच्या खाचांपाशी जेल मऊच पडलं. व्होल्ट नेहमीचेच, १००. डिस्टिलेशनचं यंत्र बिघडल्यापासून बफर (जेल बुडवायचं, वीज वाहून नेणारं द्रावण) बोअरच्या पाण्यात करतो. अ‍ॅगरोज खराब आलं असेल का?

उत्तर : अ‍ॅगरोजला बोल लावू नका, आधी ते पाणी चाखून बघा. खाडीकाठच्या बोअरचं पाणी बऱ्याचदा मचूळ असतं. त्यातलं मीठ म्हणजे करंट वाहायला जादा आयन. पॉवर पॅक व्होल्ट कायम धरतो, मग वाढतो तो करंट. १०० व्होल्टला ५० मिलीअँपिअर म्हणजे ५ वॅट. तेच १५० मिलीअँपिअर झाले की १५ वॅट, सगळी उष्णता त्या इवल्याशा टाकीत. कडा लवकर निवतात, मधला भाग तापलेलाच राहतो, आणि गरम जेलातून डीएनए जोरात सरकतो. हसू येतं ते असं. टीएई या बफरचा ५० पट तीव्र स्टॉक पातळ न करता ओतला तरी हेच होतं.

२० मिलि स्टॉकमध्ये ९८० मिलि डिस्टिल्ड पाणी घाला. अगदीच अडलं तर गॅरेजात बॅटरीसाठी मिळणारं डिमिनरलाइज्ड पाणी टाकीच्या बफरला चालतं. पीसीआरच्या मिश्रणात मात्र नको. जेल ओतायलाही तोच १ पट बफर घ्या, नुसतं पाणी नव्हे. या लांबीच्या तुकड्याला १.५ टक्के जेल बरं, म्हणजे १०० मिलिला १.५ ग्रॅम. जेल बुडून वर २-३ मिलिमीटर बफर पुरे. जास्त ओतलंत तर करंट जेलाच्या डोक्यावरूनच जातो.

व्होल्टचा हिशेब सेंटीमीटरला ५. अंतर जेलचं नाही, दोन प्लॅटिनम तारांमधलं मोजायचं. १५ सेंटीमीटर असेल तर ७५ व्होल्ट. चांगल्या बफरला किती मिलीअँपिअर येतात ते एकदा टाकीवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा. पुढे आकडा दुप्पट दिसला की बफर फेकून द्यायचा, डोकं खाजवत बसायचं नाही.

आकडा शून्य आला तर तारांवरचे बुडबुडे बघा. काळ्या टोकाला हायड्रोजन सुटतो, लाल टोकाला ऑक्सिजन. काळ्याकडे दुप्पट दाट. बुडबुडेच नसतील तर खाऱ्या हवेने प्लगवर हिरवट गंज चढलाय का बघा. पॉवर पॅक बंद करून प्लग बारीक पॉलिश पेपरने घासा. प्लॅटिनमच्या तारेला हात लावू नका. पावसात लाइट गेली तर दहा मिनिटांनी काही बिघडत नाही, तासभर थांबलात तर पट्ट्या पसरट होतात. लाइट आल्यावर बरेचसे पॉवर पॅक आपणहून सुरू होत नाहीत, बटण दाबावं लागतं.

प्रश्न : जेलमधला तुकडा कापून पुढे क्लोनिंगला (जिवाणूंत घालून त्याच्या प्रती वाढवायला) वापरायचा आहे. यूव्हीऐवजी निळा एलईडी चालेल का?

उत्तर : चालेल, नव्हे, तोच घ्या. ३०२ नॅनोमीटरच्या यूव्हीखाली कापायला दोन मिनिटं लागली तरी डीएनएमधले शेजारशेजारचे थायमिन बेस एकमेकांना जोडले जातात आणि क्लोनिंग फसतं. वर ग्लोव्ह आणि बाहीच्या मधलं मनगट भाजतं, ते कळतं रात्री. फक्त डीएनए दिसावा म्हणून घालतात तो नेहमीचा रंग, इथिडियम ब्रोमाइड, निळ्या उजेडात मंद चमकतो. सायबर सेफसारखा रंग घ्या, ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा एलईडी आणि डोळ्यांसमोर नारिंगी अ‍ॅक्रिलिकची शीट. खोलीतले दिवे बंद. इथिडियमचं जुनं जेल आणि बफर शिल्लक असेल तर ते बेसिनमध्ये ओतू नका, वेगळ्या डब्यात साठवून धोकादायक कचऱ्यात द्या.