ग्रामसभेने ‘नको’ म्हटलं, तरी हॉटेलचा पाया खणला जातोय

प्रश्न : आमचं गाव सिंधुदुर्गात, समुद्राला लागून. दोन हॉटेलं झाल्यापासून उन्हाळ्यात विहिरींना मचूळ पाणी येतं. म्हणून ग्रामसभेत हात वर करून ‘यापुढे गावात हॉटेल नको’ असा ठराव केला. तरी किनाऱ्याजवळ तिसऱ्या हॉटेलचा पाया खणला जातोय. मालक म्हणतो, परवानगी जिल्ह्यावरून आणलीय. मग ठरावाला काहीच किंमत नाही का?

उत्तर : ताई, किंमत आहे, पण नुसत्या ठरावाने काम थांबणार नाही. आडव्या बाटलीच्या मतदानाने दारूचं दुकान बंद होतं, कारण त्यासाठी 2008 चा स्वतंत्र आदेश आहे. हॉटेलांच्या संख्येवर गावाने मतदान करून मर्यादा घालावी, अशी तरतूद आपल्या नगररचना कायद्यात नाही. कुणी ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या खाणीचा दाखला देईल. तिथे 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय ग्रामसभांकडे सोपवला, पण त्यामागे वनहक्क कायदा होता. तुमच्या प्रकरणात तो लागू पडत नाही.

तुमचं खरं बळ सीआरझेडमध्ये, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामांवरच्या नियमांमध्ये आहे. 2019 च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण किनाऱ्यावर, लोकवस्ती दाट नसेल तर, भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र, म्हणजे नव्या बांधकामाला मनाई असलेला पट्टा असतो. त्यापलीकडच्या हॉटेललाही एफएसआय (सगळ्या मजल्यांचं मिळून बांधकाम आणि भूखंडाचं क्षेत्रफळ यांचं प्रमाण) 0.33 पेक्षा जास्त चालत नाही आणि उंची 9 मीटरच्या वर जात नाही. शिवाय 200 मीटरच्या आत भूजल उपसायला मनाई आहे आणि तिथून 500 मीटरपर्यंत भूजल मंडळाची संमती लागते. तुमच्या विहिरींचं दुखणं नेमकं इथे कायद्याला भिडतं. म्हणून विहिरींचं पाणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि अहवाल जपून ठेवा.

आता घाईची गोष्ट. या जागेला सीआरझेड मंजुरी मिळाली आहे का, ते आजच शोधा. मिळाली असेल, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे 30 दिवसांत अपील करावं लागतं. सबळ कारण असेल तर आणखी 60 दिवस मिळतात, त्यानंतर दार बंद. मंजुरीच नसेल, तर हरित न्यायाधिकरण कायद्याच्या कलम 14 खाली तिथेच अर्ज करता येतो, त्याला सहा महिन्यांची मुदत आहे. माहिती अधिकाराच्या उत्तराची वाट बघण्यातच महिना जातो, तेव्हा माहितीच्या त्या अर्जाबरोबर फाइल प्रत्यक्ष पाहण्याची मागणीही करा. जिल्हाधिकाऱ्यांकडे काम थांबवण्याची तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या.

ठराव मात्र पुन्हा नीट करा. एका ओळीचा ठराव कुणीही बाजूला सारतो. नोटीस, गणसंख्या आणि हजेरी यांची नोंद हवी. विहिरींची स्थिती, सांडपाणी कुठे जातं, टँकर कधीपासून येतात, हे इतिवृत्तात सविस्तर येऊ द्या. ‘हॉटेल नको’ एवढंच लिहिलंत, तर गावातल्या घरगुती निवास-न्याहारीवरही उद्या बोट ठेवलं जाईल. ज्या बाया त्यावर घर चालवतात त्यांचा विचार व्हायलाच हवा, म्हणून त्यांना स्पष्ट वगळा.

पुढच्या हॉटेलांसाठी उपाय प्रादेशिक योजनेत, म्हणजे कुठल्या जमिनीचा कसा वापर व्हावा हे ठरवणाऱ्या आराखड्यात आहे. नगररचना कायद्याच्या कलम 20 नुसार शासन ती योजना बदलू शकतं आणि बदलाआधी हरकती-सूचना मागवाव्याच लागतात. तुमचा नवा ठराव पाण्याच्या अहवालासह नगररचना विभागाकडे पाठवा आणि एक प्रत किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाला द्या.