माइक सेक्स्टन: समालोचक, खेळाडू की संयोजक?

तुम्ही विचारलंय की पोकर या पत्त्यांच्या खेळातला माइक सेक्स्टन मुळात पट्टीचा खेळाडू होता की टीव्हीमुळे मोठा झालेला समालोचक, आणि स्पर्धा भरवणाऱ्यांमध्ये त्याचं नाव इतक्या आदराने का घेतात. मी बरीच वर्षं हा खेळ बघतोय, आणि नुसत्या चिप्सवर (पैशांच्या जागी वापरायच्या चकत्यांवर), पैसे न लावता, छोट्या स्पर्धाही भरवल्या आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी खेळाडूबद्दल. सेक्स्टनचा जन्म १९४७ चा, तो वाढला अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या डेटन गावात. पोकर तो तिथेच शिकला, पोरवयात, डॅनी रॉबिसन या मित्राकडून. हा रॉबिसन पुढे स्वतःच स्टड या पोकरच्या प्रकाराचा नावाजलेला खेळाडू झाला. सेक्स्टन जिम्नॅस्टिक्सच्या शिष्यवृत्तीवर ओहायो स्टेट विद्यापीठात गेला, नंतर सैन्यात ८२व्या एअरबोर्न डिव्हिजनमध्ये पॅराट्रूपर होता. मग नॉर्थ कॅरोलायनात विक्रेत्याची नोकरी, आणि संध्याकाळी घरगुती बैठकींमध्ये पोकर. १९७७ च्या सुमारास नोकरी सोडून तो पूर्णवेळ खेळायला लागला आणि १९८५ मध्ये लास वेगासला मुक्काम हलवला. १९८९ मध्ये सेव्हन कार्ड स्टड हाय-लो प्रकारात वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या मोठ्या स्पर्धामालिकेचं ब्रेसलेट, म्हणजे विजेत्याला मिळणारं कडं, जिंकलं. टीव्हीवर लोकांनी त्याला नियमित पाहायला सुरुवात केली ती २००३ मध्ये. म्हणजे पंचवीस वर्षं त्याचं पोट पानांवर चाललं होतं. त्यामुळे ‘फक्त समालोचक’ हा शिक्का मला मान्य नाही.

आता संयोजकाकडे येतो. लोक याबद्दल कमी बोलतात, आणि मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते याबद्दलच.

पोकरच्या स्पर्धेत एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही. बक्षिसाची रक्कम खेळाडूंच्याच खिशातून येते. शंभर जणांनी प्रवेश शुल्क भरलं, त्यातून कॅसिनोने आपला खर्च काढून घेतला, उरलेलं पहिल्या दहा-पंधरा जणांत वाटलं. गोल्फमध्ये किंवा टेनिसमध्ये पुरस्कर्ते पैसे घालतात, तिकिटं विकली जातात, प्रक्षेपणाचे हक्क विकले जातात. पोकरमध्ये खेळाडू स्वतःच प्रेक्षक, स्वतःच पुरस्कर्ता. वर प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च वेगळा. सेक्स्टन वर्षानुवर्षं हे भोगत होता. पोकरला गोल्फसारखा मान मिळावा, बाहेरचा पैसा खेळात यावा, हे त्याने मनाशी धरलं ते एक खेळाडू म्हणून.

त्यातून १९९९ मध्ये लास वेगासच्या ऑर्लीन्स कॅसिनोत टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स उभी राहिली. नियम असा की वर्षभरात एखादी स्पर्धा जिंकलेली असेल तरच प्रवेश. नुसते पैसे भरून आत येता येत नव्हतं. पोकरमध्ये ही कल्पनाच नवी होती, कारण तोवर ‘ज्याच्याकडे शुल्क तो खेळाडू’ हाच कायदा होता. दुसरी गोष्ट, खेळाचा प्रकार एकच नव्हता. लिमिट होल्डेम, ओमाहा हाय-लो आणि सेव्हन कार्ड स्टड आलटून पालटून, आणि शेवटच्या टप्प्यात नो-लिमिट होल्डेम. लिमिट प्रकारात एका डावात किती लावायचं यावर बंधन असतं, त्यामुळे एका अपघाती डावात सगळं घालवून बसण्याची शक्यता कमी होते. ज्याला एकच प्रकार येतो तो आपोआप मागे पडतो. ही रचना खेळाडूच्या डोक्यातून आलेली आहे, हे वाचताक्षणी कळतं.

रचना का महत्त्वाची, हे मला स्वतः भरवलेल्या पहिल्या स्पर्धेत कळलं. चाळीस जण, आठ-आठ जणांची पाच टेबलं. प्रत्येकाला १,५०० च्या चिप्स. ब्लाइंड, म्हणजे दर डावात पानं बघण्याआधी दोघांनी पाळीपाळीने लावायची सक्तीची रक्कम, २५-५० पासून (मोठी ती बिग ब्लाइंड), आणि दर दहा मिनिटांनी दुप्पट. सगळं लवकर आटपावं एवढाच विचार केला होता. आता हिशेब बघा. पानं पिसणं, वाटणं, बोली, चिप्स मोजणं हे धरून दहा मिनिटांत जेमतेम पाच डाव होतात. टेबलावर माणसं आठ. म्हणजे एका पातळीत, ब्लाइंड पुन्हा वाढेपर्यंतच्या वेळात, फेरी पूर्णच होत नाही. एखाद्या पातळीत काहींच्या वाट्याला बिग ब्लाइंड येतो, शेजारच्याला येतच नाही. अर्ध्या तासात ब्लाइंड २००-४०० वर पोचले. तोवर निम्मे लोक बाद झाले असं धरलं तरी उरलेल्यांकडे सरासरी ३,००० च्या चिप्स, म्हणजे साडेसात बिग ब्लाइंड. एवढ्यात काय खेळणार? एकतर पानं टाका, नाहीतर सगळं पुढे ढकला. त्या रात्री सगळ्यात समंजस खेळणारी बाई तेरावी आली. जाताना मला एवढंच म्हणाली, “मी आज खेळले कुठे, नुसती नाणेफेक केली.” ते वाक्य मी विसरलेलो नाही. त्यानंतर मी पातळी वीस मिनिटांची केली, सुरुवातीला शंभर बिग ब्लाइंड दिले आणि ब्लाइंड दुपटीऐवजी साधारण दीडपट वाढवले. स्पर्धा तीन तास लांबली, पण एकाचीही तक्रार आली नाही.

आता हे डोक्यात ठेवून १९९९ च्या त्या स्पर्धेतला गाजलेला डाव पाहा. अंतिम टेबल. डेव्हिड च्यूच्या हातात राजांची जोडी. होल्डेममध्ये पहिल्या दोन पानांत याहून वरचढ जोडी एकच, एक्क्यांची. तुमच्याकडे दोन राजे असताना समोरच्या एका माणसाकडे दोन एक्के असण्याची शक्यता साधारण दोनशेत एक. च्यूने रक्कम वाढवली, आणि लुई अस्मोने सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या. शंभरातले नव्याण्णव खेळाडू इथे विचारही न करता ‘कॉल’ म्हणतील, म्हणजे तेवढीच रक्कम लावतील. च्यू थांबला. मग त्याने राजे उताणे करून सगळ्यांना दाखवले आणि डाव सोडला. अस्मोने आपली पानं उलटली. दोन एक्के. प्रेक्षक अक्षरशः उठून उभे राहिले. स्पर्धा शेवटी च्यूनेच जिंकली.

लोक या डावाकडे ‘माणूस ओळखण्याची कला’ म्हणून बघतात आणि ते बरोबरच आहे. पण माझ्यातला संयोजक आणखी एक गोष्ट बघतो. राजे टाकून देण्याचा निर्णय माणूस तेव्हाच घेतो जेव्हा त्याला माहीत असतं की हा डाव सोडला तरी आपल्याला खेळायला जागा उरणार आहे. माझ्या त्या पहिल्या स्पर्धेत असा डाव घडूच शकला नसता. साडेसात ब्लाइंडवर राजे कोण टाकेल? म्हणून त्या क्षणाचं थोडं श्रेय मी स्पर्धा आखणाऱ्यालाही देतो.

टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स तीन वर्षं चालली. खेळाडूंना ती मनापासून आवडली, पण ज्या पुरस्कर्त्यांच्या आशेवर ती उभी केली होती ते हवे तसे आले नाहीत. काही जण याला अपयश म्हणतात. मला तसं वाटत नाही, कारण त्यानंतर सेक्स्टनने जे केलं त्यात तोच विचार वेगळ्या वाटेने पुढे गेला.

पहिली वाट ऑनलाइन खेळाची. २००१ मध्ये पार्टीपोकर हे ऑनलाइन पोकरचं संकेतस्थळ सुरू झालं, त्याच्या उभारणीत सेक्स्टन होता. (सॉफ्टवेअर उभं केलं अनुराग दीक्षित या भारतीय अभियंत्याने, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं.) तिथे सेक्स्टनने आखलेली स्पर्धा म्हणजे पार्टीपोकर मिलियन. क्रूझ जहाजावर अंतिम फेरी, प्रकार लिमिट होल्डेम, आणि लोकांनी घरबसल्या छोट्या पात्रता फेऱ्या जिंकून तिथे पोचायचं. २००२ मध्ये कॅथी लीबर्टने ती जिंकली आणि स्पर्धेत दहा लाख डॉलर जिंकणारी ती पहिली महिला ठरली.

या पात्रता फेऱ्यांची, म्हणजे सॅटेलाइटची, कल्पना सेक्स्टनची नाही. तिचं श्रेय एरिक ड्राकेचं. सत्तरच्या दशकात बिनियन्स हॉर्सशू कॅसिनोत वर्ल्ड सिरीजची व्यवस्था तो पाहायचा. मुख्य स्पर्धेचं शुल्क १०,००० डॉलर, ते भरणारे मोजकेच. त्याच्या ध्यानात आलं की दहा जणांनी हजार-हजार घालून एक टेबल खेळावं आणि जिंकणाऱ्याने ते घेऊन मुख्य स्पर्धेत बसावं. साधी युक्ती, पण तिने या खेळाचं दार उघडलं. तीच युक्ती इंटरनेटवर नेल्यावर काय होतं ते २००३ मध्ये दिसलं. ख्रिस मनीमेकर ८६ डॉलरच्या ऑनलाइन सॅटेलाइटमधून आला, ८३९ जणांची मुख्य स्पर्धा जिंकला आणि २५ लाख डॉलर घेऊन गेला. सगळे मनीमेकरचं नाव घेतात, आणि घ्यावंच. पण ऑनलाइन सॅटेलाइटमधून थेट मोठ्या अंतिम फेरीत माणसं नेण्याचं काम सेक्स्टनच्या जहाजावर वर्षभर आधी होऊन गेलं होतं.

दुसरी वाट टीव्हीची. २००२ मध्ये स्टीव्ह लिप्सकॉम्बने वर्ल्ड पोकर टूर ही टीव्हीवर दाखवायची स्पर्धामालिका उभी केली. पहिली स्पर्धा बेलाजिओ कॅसिनोत झाली, ती गस हॅन्सन जिंकला, आणि २००३ च्या मार्चमध्ये ट्रॅव्हल चॅनलवर प्रक्षेपण सुरू झालं. समालोचनाला सेक्स्टन आणि अभिनेता विन्स व्हॅन पॅटन. खेळाडूंची झाकलेली पानं प्रेक्षकांना दाखवणारे कॅमेरे ही यातली मोठी गोष्ट. त्याचं पेटंट हेन्री ओरेनस्टाइनचं, आणि ब्रिटनमध्ये १९९९ पासून ‘लेट नाइट पोकर’ने झाकलेली पानं दाखवायला सुरुवात केली होती. पण पानं दिसली म्हणून खेळ कळतो असं नाही. कुणाकडे काय आहे ते दिसतं, त्याने असं का केलं ते दिसत नाही. ते सांगायला टेबलावर आयुष्य काढलेला माणूस लागतो. सेक्स्टन हरणाऱ्या खेळाडूबद्दलही आदराने बोलायचा, चूक दाखवताना कधी हिणवायचा नाही. पंधरा मोसम त्याने ते काम केलं. माझ्यासारख्या अनेकांना हा खेळ त्यानेच समजावला आणि ते ऋण मी मानतो.

मधल्या काळात त्याचं खेळणं सुटलं नव्हतं. २००६ मध्ये वर्ल्ड सिरीजने भरवलेल्या टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्समध्ये, हो, नाव तेच, शेवटच्या लढतीत त्याने डॅनियल नेग्रानूला हरवलं आणि दहा लाख डॉलर जिंकले. त्यातले निम्मे धर्मादाय संस्थांना दिले. हे मी कौतुकापुरतं सांगत नाही. २००९ मध्ये लिंडा जॉन्सन, जॅन फिशर आणि लिसा टेनर यांच्यासोबत त्याने पोकरगिव्ह्ज ही संस्थाच काढली, पोकरमधून धर्मादाय कामाला पैसा उभा करण्यासाठी. त्याच वर्षी पोकर हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली. त्या वर्षी निवडलेला तो एकटाच होता.

संयोजन शिकायचं असेल तर लिंडा जॉन्सन आणि जॅन फिशर ही नावं लक्षात ठेवा. २००१ मध्ये मॅट सॅव्हेज आणि डेव्हिड लॅम्ब यांच्यासह त्यांनी टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन स्थापली. त्याआधी प्रत्येक कॅसिनोचे नियम निराळे असायचे. वेळेपूर्वी उघडं पडलेलं पान, चुकून पुढे टाकलेली एकच मोठी चिप, अशा बाबतीत एकीकडे एक निवाडा तर दुसरीकडे दुसराच. आज बहुतेक मोठ्या स्पर्धा त्यांच्या नियमावलीवर चालतात आणि ती मोफत वाचायला मिळते. छोटी स्पर्धा भरवणार असाल तरी ती छापून टेबलाशेजारी ठेवा. वाद झाला की आवाज चढवावा लागत नाही, कलम दाखवलं की पुरतं.

शेवटी मॉन्ट्रियलबद्दल. वर्ल्ड पोकर टूरवर इतकी वर्षं दुसऱ्यांच्या विजयाचं वर्णन करणाऱ्या सेक्स्टनने स्वतः तिथलं विजेतेपद कधी मिळवलं नव्हतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये, वयाच्या ६९व्या वर्षी, मॉन्ट्रियलजवळच्या प्लेग्राउंड पोकर क्लबमध्ये ते मिळालं. त्यावेळचं चित्रण सापडलं तर जरूर पाहा. तो शांतपणे खेळतो, आणि प्रेक्षकांत बसलेले, खेळात त्याच्याहून तीस-चाळीस वर्षांनी लहान असलेले खेळाडू त्याच्यासाठी ओरडत असतात. पुढच्या वर्षी समालोचन सोडून तो पार्टीपोकरचा अध्यक्ष झाला, पुन्हा स्पर्धा आखायच्या कामावर. ६ सप्टेंबर २०२० रोजी प्रोस्टेटच्या कर्करोगाने तो गेला. वर्ल्ड पोकर टूरच्या ज्या चषकावर दरवेळी विजेत्याचं नाव कोरतात, त्याला त्याच वर्षी माइक सेक्स्टनचं नाव दिलं गेलं. त्यामुळे तो चषक हातात घेणाऱ्याला त्याचं नाव दोनदा वाचायला मिळतं. एकदा चषकाचं म्हणून, आणि एकदा कोरलेल्या विजेत्यांच्या यादीत.