किल्ल्यातला सुतळी बॉम्ब

दिवाळीची सुट्टी संपली की ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, हा दिवसभर गेममधल्या प्रँकचे व्हिडिओ बघतो. चालतं का? की बंदच करून टाकू?" विचारणारी आई बहुतेक वेळा मोबाइल पुढे करते आणि त्यातला एखादा व्हिडिओ लावून दाखवते. त्यात शिवी नसते, रक्त नसतं, रंगीत ठोकळ्यांची माणसं उड्या मारत असतात. खटकतंय हे तिला कळतं, नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही.

अशाच एका मुलाची ही गोष्ट. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्याला निषाद म्हणू. वय नऊ. घर घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या सोसायटीत, आई बँकेत, बाबा रोज ठाणे ते सीएसएमटी करणारे, दुपारभर घरी आजी.

सोसायटीत बी विंगच्या मागे, पार्किंगच्या भिंतीला टेकून मुलांनी किल्ला केला होता. विटांवर गोणपाट, त्यावर लाल माती, उतारावर पेरलेले अळीव बोटभर वर आलेले. सगळ्यात जास्त राबला होता तो एक सहा वर्षांचा मुलगा. मोठी मुलं क्लासला गेली की पाणी शिंपडायला तोच उरायचा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी निषादने महादरवाज्यात सुतळी बॉम्ब ठेवला, त्या छोट्याला "चल, गंमत दाखवतो" म्हणून बोलावून आणलं, मित्राला वात लावायला सांगितली आणि स्वतः आजीचा मोबाइल धरून उभा राहिला. सुदैवाने छोट्याच्या डोळ्यात माती जाण्यापलीकडे काही झालं नाही.

तो व्हिडिओ मी पाहिला आहे. चाळीसेक सेकंदांचा. त्यात किल्ला जेमतेम पाच सेकंद दिसतो. उरलेला सगळा वेळ कॅमेरा छोट्याच्या तोंडावर आहे. आधी नुसतं बघणं, मग खालचा ओठ, मग रडू. आणि मागून निषादचा आवाज, हिंदीत: "भाई लोग, प्रँक हो गया!" आमच्या निषादला घरात कुणी हिंदीत बोलताना ऐकलेलं नव्हतं.

आई म्हणाली, "इतका हळवा मुलगा आहे हो, मांजर पावसात भिजलं तरी रडतो." बाबांना एवढं गंभीर वाटत नव्हतं. "आम्हीही डब्याखाली फटाके फोडलेच की." खरं आहे. पण डबा रडत नाही.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. कितीतरी वर्षं मी आईबाबांना सांगत असे, गेमवर लिहिलेलं वय बघा आणि ठरवा. ते निम्मंच उपयोगाचं आहे. माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी घरं बांधायच्या गेमला युरोपात सात वर्षांवरील मुलांचा शिक्का आहे, जीटीए फाइव्ह या गुन्हेगारी-मारामारीच्या गेमला अठराचा. पण तो शिक्का गेम खेळणाऱ्यासाठी असतो, त्या गेमवर कुणी बनवलेल्या व्हिडिओला तो चिकटून येत नाही. म्हणून तर जीटीएच्या रस्त्यांवर लहान मुलांचं लाडकं कार्टून फिरवणारे हिंदी व्हिडिओ पाच-सहा वर्षांची पोरं जेवताना बघतात आणि आईला वाटतं कार्टूनच चाललंय. उलट निषाद बघत होता ते सगळं माइनक्राफ्ट होतं. शिक्क्याने पाहिलं तर अगदी निर्धोक.

बाबांनी विचारलं, "पण यूट्यूबवर आहे म्हणजे कुणीतरी तपासलेलं असेल ना?" यूट्यूबचा नियम आहे. 2019 च्या जानेवारीत त्यांनी तो स्पष्ट केला: ज्यात गंभीर इजेचा धोका आहे किंवा लहान मुलांना जबर मानसिक धक्का बसेल, असे प्रँक चालणार नाहीत. त्याआधी 2017 मध्ये अमेरिकेत मेरीलँडमधल्या एका जोडप्याला, आपल्याच मुलांना रडवून प्रँकचे व्हिडिओ टाकल्यावर, मुलांची हेळसांड केली म्हणून न्यायालयाने दोषी ठरवलं होतं. पण असे नियम टोकाच्या गोष्टींसाठी असतात. गेममधलं ठोकळ्याचं घर उडवलं तर त्याला कुणी हरकत घेत नाही. 'मुलांसाठी बनवलेला' अशी खूण असते तिचंही तसंच. त्या खुणेच्या व्हिडिओखाली कॉमेंट बंद असतात, मुलाच्या आवडीनिवडीवरून जाहिराती दाखवत नाहीत. ही व्यवस्था 2020 पासूनची, मुलांची माहिती गोळा होऊ नये म्हणून आलेली. व्हिडिओ चांगला की वाईट, हे ती खूण सांगत नाही.

म्हणून मी निषादलाच म्हटलं, तुझे आवडते दोन लाव, दोघं बघू.

पहिल्यात एक मुलगा अदृश्य होण्याचं औषध पिऊन मित्राच्या घरात शिरतो आणि घर कोंबड्यांनी भरतो. दार उघडल्यावर कोंबड्या बाहेर सांडतात. मित्र किंचाळतो, मग दोघं इतके हसतात की कुणालाच बोलता येत नाही. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्यात मित्राने शंभर दिवस खपून बांधलेला राजवाडा. खाली लाल ठोकळ्यांची रांग, प्रत्येकावर टीएनटी लिहिलेलं, म्हणजे गेममधला सुरुंगच. पेटवला की तो ठोकळा फुसफुसतो, चार सेकंद पांढरा लुकलुकतो आणि फुटतो. मित्र "प्लीज भाई, मत कर" म्हणत राहतो. मग धूर, करुण संगीत, आणि कोपऱ्यातल्या चौकटीत त्याचा चेहरा मोठा होत जातो. निषाद तोंडाने फुसफुस आवाज काढत होता. मी विचारलं, "आता त्या मित्राला काय वाटत असेल?"

"काही नाही. त्याला माहितीये. ते आधी ठरवून करतात, मॅडम."

मला हे अपेक्षित नव्हतं. व्हिडिओ खरा समजून मूल वाहवत जातं, असं आपण गृहीत धरतो. याला सगळं ठाऊक होतं.

"बरं. मग तू त्या छोट्याला आधी सांगितलं होतंस?"

"सांगितलं तर प्रँक कसा होईल?"

एवढं बोलून तो थांबला. खुर्चीच्या हातावरचं रेक्झिन नखाने उचकटत बसला. मीही काही बोलले नाही. बऱ्याच वेळाने म्हणाला, "त्याला माहितीच नव्हतं." आणि थोड्या वेळाने, "आणि किल्ला परत लोड होत नाही."

हे त्याने स्वतः जोडलं म्हणून उपयोगी पडलं. मी भाषण दिलं असतं तर मान हलवून गेला असता.

आईबाबांना मी बंदी सुचवली नाही. दहा मिनिटं शेजारी बसून बघा, म्हटलं, आणि तेही सुरुवात नव्हे, शेवट. ज्याची फजिती झाली तो शेवटी कुठे असतो? हसतोय, उलटा डाव टाकतोय, की त्याच्या रडण्यावरच व्हिडिओ संपतो? कॅमेरा कशावर रेंगाळतो? मग मुलाला तीच गोष्ट फजिती झालेल्याच्या बाजूने सांगायला लावा. चार-पाच वाक्यं सांगता आली तर अशा व्हिडिओंनी फारसं बिघडत नाही. "मजा आली" याच्यापुढे गाडी सरकेना, तर त्या मुलासाठी तो व्हिडिओ अजून लवकर आहे, वय सात असो की अकरा. राजवाडा उडवणाऱ्या चॅनेलला निषादच्या बाबांनी त्याच्यासमोरच 'पुन्हा दाखवू नका' सांगितलं, कोंबड्यावाला राहू दिला. ऑटोप्ले बंद केलं, कारण एका कोंबडीपासून चौथ्या व्हिडिओत स्फोटापर्यंत जायला मुलाला बोटही उचलावं लागत नाही. आजींच्या मोबाइलवर मुलांचं यूट्यूब किड्स घातलं, आईने निवडलेलंच दिसेल असं ठेवून. आजींनी त्यात भजनं शोधली, नाही सापडली, आणि चार दिवस माझ्यावर रुसल्या.

आणखी एक गोष्ट निघाली ती ओघात. निषाद म्हणाला, घरी पण प्रँक करतात. बाबा सांगतात, तुला दोन जुन्या साड्या देऊन बोहारणीकडून घेतलंय. लहान असताना तो यावर रडायचा, आणि सगळे हसायचे. बाबांचा चेहरा पडला. "अहो, मलाही माझे काका हेच सांगायचे." मराठी घरात वाढलेल्या कुणाला बोहारीण चुकली आहे? मलाही चुकली नव्हती. मी त्यांना एवढंच विचारलं, तुम्हाला तेव्हा गंमत वाटायची का. त्यांनी उत्तर दिलं नाही, पुढच्या वेळी येताना मात्र हाफ डे टाकून आले.

तुळशीच्या लग्नापर्यंत किल्ला पुन्हा उभा राहिला. माती निषादने आणि बाबांनी आणली. छोटा पहिले दोन दिवस गॅलरीतूनच बघत होता, तिसऱ्या दिवशी खाली आला आणि याने लावलेला बुरूज चुकीच्या जागी आहे म्हणून पाडून टाकला. निषादने तो मुकाट्याने पुन्हा बांधला.

मे महिन्यात आईचा फोन आला. दोघं आता एकाच माइनक्राफ्टमध्ये खेळतात. निषादने छोट्याचं घर कोंबड्यांनी भरलं, त्याच्या आईला आधी विचारून. दुसऱ्या दिवशी याच्या घरात मेंढ्या निघाल्या. मागून आजींचा आवाज येत होता, त्यांना माझ्याशी बोलायचं होतं. एवढ्या कोंबड्यांना खायला कोण घालतं, ते विचारायचं होतं.