वाचकांचे प्रश्न : एकटीने फिरायचे, पण मुक्काम किती दिवसांचा?

प्रश्न : मी 27 वर्षांची असून नागपुरात प्रतापनगर भागात भाड्याच्या खोलीत राहते. आईवडील यवतमाळला असतात. माझे काम संगणकावरील लेखनाचे आहे आणि ते कोठूनही करण्याची मुभा कंपनीने दिली आहे. खोली सोडावी, सामान विकावे, पाठीवर एक सॅक घेऊन किमान वर्षभर भटके आयुष्य जगावे, दर तीन-चार दिवसांनी गाव बदलावे, कोणी ओळखू नये, कोणी काही विचारू नये, असे फार दिवसांपासून मनात आहे. घरून विरोध आहे. तो केवळ लोकलाजेपोटी आहे की त्यात काही तथ्य आहे, हे मला कळेनासे झाले आहे. – एक वाचक, नागपूर

उत्तर : तुम्ही फिरतीवर निघण्यास माझी हरकत नाही, उलट कौतुकच आहे; मात्र ‘कोणी ओळखू नये’ या तुमच्या शब्दांवर मी बराच वेळ अडखळले.

तिशीच्या आतबाहेर असताना मीही कामानिमित्त एकटी पुष्कळ फिरले. एका तालुक्याच्या गावी रात्री नऊच्या सुमारास लॉजवर पोहोचले, तेव्हा गल्ल्यावरील गृहस्थांनी नोंदवही पुढे सरकवली. नाव, वय, कोठून आलात, कोठे जाणार हे रकाने मी भरले आणि ‘सोबत कोण’ या रकान्यात आडवी रेघ ओढली. त्यांनी ती रेघ पाहिली, वही मिटली आणि खोली शिल्लक नसल्याचे सांगितले. त्यांच्या पाठीमागच्या फळीवर सहा-सात किल्ल्या लटकत होत्या. हॉटेलात प्रवेश देताना केवळ लिंगाच्या कारणावरून कोणाला अडवता येत नाही, हे राज्यघटनेच्या 15 व्या अनुच्छेदात लिहिले आहे आणि ते मला तेव्हाही ठाऊक होते. पण रात्री नऊ वाजता अनुच्छेद दाखवून खोली मिळत नाही. ती रात्र मी रेल्वे स्थानकावरील महिला प्रतीक्षालयात, दुसऱ्या दिवशीच्या तिकिटाच्या आधारावर काढली. महिनाभराने त्याच गावी पुन्हा जाण्याचा योग आला, तेव्हा तेथील शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंकडून आधी फोन करवला, आणि त्याच गृहस्थांनी न सांगता गरम पाण्याची बादली वर पाठवली. एवढ्या अवधीत त्या गावात मला ओळखणारे एक माणूस झाले होते, दुसरे काहीच बदलले नव्हते.

एकट्या बाईला खरी अडचण येते ती पोहोचण्याच्या वेळी. अनोळखी बसस्थानक, अनोळखी रिक्षा, अनोळखी खोली हे सगळे एकाच संध्याकाळी अंगावर येते, आणि दर चार दिवसांनी गाव बदलणे म्हणजे ही संध्याकाळ महिन्यातून सात-आठ वेळा ओढवून घेणे होय. त्यापेक्षा एका गावी किमान तीन आठवडे, शक्यतो पूर्ण महिना मुक्काम करावा. पहिल्या आठवड्यातच खानावळीच्या मावशींना तुम्हाला तिखट किती चालते ते कळते, घरमालकीण तुमच्या येण्याजाण्याच्या वेळा ओळखू लागते, आणि तुम्ही एखादे दिवशी जेवायला गेला नाहीत तर ते कोणाच्या तरी लक्षात येते. ‘कोणी काही विचारू नये’ असे तुम्ही म्हणता. पण हे विचारणेच तुमच्या उपयोगी पडणार आहे. शिवाय महिन्याच्या बोलीवर खोली बरीच स्वस्त पडते आणि नोकरीचे कामही नीट होते.

रेल्वेनेही हेच ओळखले असावे. रेल्वे सुरक्षा दलाच्या 2020 मध्ये सुरू झालेल्या ‘मेरी सहेली’ या उपक्रमात महिला कर्मचारी गाडी सुटण्याच्या स्थानकावर एकट्या प्रवासी स्त्रियांना भेटतात, त्यांचा डबा व आसन क्रमांक टिपून घेतात आणि वाटेतील स्थानकांवर त्यांची विचारपूस केली जाते. प्रवासात अडचण आल्यास 139 आणि एरवी कोठेही 112 हे क्रमांक पाठ असू द्यावेत. तिकीट नसलेल्या एकट्या स्त्रीला रात्री आडस्थानकावर उतरवून देता येत नाही, अशी तरतूद 1989 च्या रेल्वे कायद्यात आहे. तिच्या भरवशावर विनातिकीट निघा असे अर्थातच मी सुचवत नाही.

पंडिता रमाबाईंचे बालपण आणि तारुण्याचा आरंभ अशाच फिरतीत गेला. वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थक्षेत्री पुराण सांगत आणि त्यावर कुटुंबाचा चरितार्थ चाले. दुष्काळात आईवडील गेल्यावरही रमाबाई आणि त्यांचे बंधू पायी हिंडत राहिले आणि 1878 मध्ये कलकत्त्यास पोहोचले. रमाबाई एकट्या नव्हत्या, हे खरे. परंतु पुराण सांगायला बसणारा माणूस गावाच्या ओळखीचा होतो, आणि तुमचे संगणकावरील काम खोलीत बसून, कोणाच्या दृष्टीस न पडता चालते. ही उणीव तुम्हालाच भरून काढावी लागेल. गावातील वाचनालयात जाऊन बसावे, आठवडी बाजारात भाजी घ्यावी, संध्याकाळी रोज त्याच टपरीवर चहा प्यावा.

पत्ता मात्र सोडू नका. आधार, बँक आणि विमा या तिन्ही ठिकाणी यवतमाळच्या घराचा पत्ता ठेवा. पासपोर्ट काढायचा असेल तर पोलीस पडताळणी तुमच्या पत्त्यावर होते, म्हणून ते काम निघण्यापूर्वी उरका. (तुम्ही ‘भटके’ हा शब्द हौसेने वापरला आहे. महाराष्ट्रात ज्यांना हा शब्द जन्माने चिकटला, त्यांच्यापैकी अनेक जमातींना 1871 च्या कायद्याने गुन्हेगार ठरवले होते. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, तरी पत्ता नसल्यामुळे दाखले आणि शिधापत्रिका यांसाठीची त्यांची पायपीट थांबलेली नाही.)

जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्यातील प्रीपेड सिम चालत नाही. कामासाठी इंटरनेट लागत असल्यामुळे पोस्टपेड घेऊन ठेवावे. अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि मणिपूर या राज्यांत प्रवेशासाठी ‘इनर लाइन परमिट’ लागते. एसटीत मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे पहिले काही महिने महाराष्ट्रातच फिरणे खिशालाही परवडेल. बँकेत सहा महिन्यांचा खर्च हात न लावता ठेवावा, कारण कंपनीने दिलेली मुभा कंपनी परतही घेऊ शकते.

आता विरोधाविषयी. त्यात लोकलाज आहे आणि तथ्यही आहे, आणि ही दोन्ही तुमच्या आईच्या मनात इतकी एकमेकांत मिसळलेली असतील की तिला स्वतःलाही ती वेगळी करता येणार नाहीत. म्हणून वाद घालू नका. प्रतापनगरची खोली तूर्त सोडू नका, सामानही विकू नका. आधी महिनाभर सेवाग्रामला राहून पाहा. तेथे आश्रमाचे यात्री निवास आहे आणि नागपूर रेल्वेने जवळ आहे. त्या महिन्यात एखाद्या रविवारी आईला तेथे बोलवा आणि तुम्ही जेथे जेवता तेथेच तिला जेवू घाला.

प्रश्न : माझी 24 वर्षांची मुलगी तीन महिन्यांपासून एकटी फिरते आहे आणि सध्या हिमाचल प्रदेशात आहे. मी दिवसातून चार वेळा फोन करते, ती चिडते. न केला तर मला रात्रभर झोप येत नाही. – एक आई, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : चार फोनांतून तुम्हाला ती जेवली की नाही हे कळते, पण ती कोणाच्या घरी उतरली आहे हे बहुधा कळत नाही. फोन दिवसातून एकच, ठरलेल्या वेळी करा. त्याबरोबर तिने घरमालकाचे नाव व क्रमांक, तसेच निघायचे असेल तर कोणत्या गाडीने निघणार, एवढे संदेशाने कळवावे, असे आपसांत ठरवा. डोंगरात वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात, म्हणून किती तास निरोप आला नाही तर काळजी करायची, हेही तिच्याशी बोलून आधीच ठरवावे. ती वेळ उलटल्यावर प्रथम घरमालकाला फोन करा, आणि तेथूनही काही कळले नाही तर पोलिसांना. घरमालकाचा क्रमांक कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा आणि तिने मुक्काम बदलला की जुना कागद फाडून टाका, नाहीतर ऐन वेळी हात जुन्याच क्रमांकावर जातो.