वाचक विचारतात: फिशटँकमधला जावा फर्न

प्रश्न: दोन फुटी टँकमध्ये जावा फर्न वाळूत लावला. तीन आठवड्यांत बुडखा काळा पडला, पाने सुटून तरंगू लागली. खत कमी पडले का?

उत्तर: खताचा यात दोष नाही, खोड पुरले गेले आहे. जावा फर्न हा आग्नेय आशियात ओढ्याकाठच्या खडकांना आणि ओंडक्यांना धरून वाढणारा नेचा. पाने ज्यातून फुटतात ते आडवे खोड, म्हणजे राइझोम, आल्यासारखे दिसते. पण मातीत किंवा वाळूत गाडले की सडते. खालच्या तपकिरी, केसाळ मुळ्या वाळूत गेल्या तर हरकत नाही, खोड मात्र उघडेच हवे. दुकानदार कुंडीत खोचून देतात तिथूनच हा घोळ सुरू होतो. आता रोप काढून खोड दाबून पाहा. मऊ, काळा भाग धारदार ब्लेडने कापून टाका. दोन-तीन पानांचा इंचभर कडक तुकडा उरला तरी पुरे, त्यातून नवे रोप होते.

प्रश्न: मग दगडावर बसवायचा कसा? दोऱ्याने की गोंदाने?

उत्तर: दोन्ही चालतात. खरबरीत दगड किंवा ड्रिफ्टवुड, म्हणजे टँकसाठी मिळणारे पाण्यात झिजलेले लाकूड, घ्या. शिवणाच्या पॉलिएस्टर दोऱ्याने किंवा मासेमारीच्या बारीक तंगूसाने दोन-तीन वेढे द्या; खोड कापले जाईल इतके आवळू नका. मुळ्यांनी पकड घेतली की दोरा काढता येतो. गोंद म्हणजे सायनोअॅक्रिलेट (सुपरग्लू), तोही जेल. पातळ असेल तर ओघळतो. खोड आणि दगड टिपून कोरडे करा, दोन-तीन थेंब लावा, अर्धा मिनिट धरून ठेवा, मग पाण्यात सोडा. पांढरा डाग राहतो, तो निरुपद्रवी आहे.

प्रश्न: पानांवर काळे ठिपके आले आहेत. रोग आहे का?

उत्तर: ठिपके कसे आहेत, त्यावर उत्तर अवलंबून आहे. पानाच्या पाठीवर उंचवट्याचे तपकिरी ठिपके असतील तर ते बीजाणूंचे पुंजके, हात लावू नका. ठिपक्यातून केसाळ मुळ्या आणि इवली पाने निघाली तर ते पिल्लू आहे. दोन-तीन पाने येऊन ते इंचभर झाले की तोडून दुसऱ्या दगडावर लावा. फुकटची रोपे मिळतात ती अशीच.

जुन्या पानांना पारदर्शक चट्टे पडून भोके पडत असतील तर बहुधा पोटॅशियम कमी पडते. द्राक्षबागेत वापरतात ते पाण्यात विरघळणारे ०:०:५० खत (पोटॅशियम सल्फेट) चालेल: १०० लिटरला १.२ ग्रॅम टाकले की पोटॅशियम सुमारे ५ पीपीएमने (लिटरमागे ५ मिलिग्रॅम) वाढते. ०:०:६० नको, त्यात क्लोराइड असते.

पानाच्या कडेला काळ्या दाढीसारखे झुपके आले असतील तर ते शेवाळ आहे. जुनी, भरलेली पाने बुडापासून कापा. उरलेल्यांसाठी दगडासकट रोप बाहेर काढून ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ब्रशने लावा, तीन-चार मिनिटांनी धुऊन परत ठेवा. औषधाच्या दुकानात बहुतेकदा ६ टक्क्यांचे मिळते. त्यात तेवढेच पाणी मिसळा.

प्रश्न: कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लागेल का?

उत्तर: नाही. साधा एलईडी, दिवसाला सहा-सात तास. फर्न हळू वाढतो. वेग येईल म्हणून दिवा वाढवलात तर वाढेल ते शेवाळच.

प्रश्न: विदर्भातल्या उन्हाळ्यात टँकचे पाणी ३२ अंशांवर जाते. टिकेल का?

उत्तर: त्याला २० ते २८ अंश मानवतात. काही दिवस ३२ सोसेल, पण महिनाभर तसेच राहिले तर पाने विरघळल्यासारखी सडत जातात. झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर छोट्या पंख्याचा वारा सोडा, बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. पाणी रोज घटेल, भर घालत राहा. बोअरचे जड पाणी असेल तर मात्र भरीला आरओचे वापरा, नाहीतर क्षार साचत जातात.