बागेच्या पाण्याचं मीटर आणि ताब्याची तारीख

प्रश्न : 'ग्रीन बिल्डिंग' म्हणून विकलेल्या आमच्या सोसायटीत एसटीपीचं (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेचं) पाणी बागेला किती जातं हे मोजायला वेगळं मीटर नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाने नोंदी मागितल्यात. बिल्डर म्हणतो, ग्रीन रेटिंग मिळालंय, माझा संबंध संपला. काय करावं? – सचिव, पिंपरी-चिंचवड

उत्तर : टँकरची बिलं वाढली की अशी पत्रं येऊ लागतात. तुमच्या पत्रात टँकरचे दर आहेत, साइट इंजिनिअरची उडवाउडवीची उत्तरं आहेत. पहिल्या फ्लॅटचा ताबा कधी दिला, तेवढं नाही. सगळं त्या तारखेवर अडलंय.

रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता कायद्याच्या कलम 14(3) प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांच्या आत दोष बिल्डरच्या नजरेला आणून दिला, तर तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करणं त्याचं कर्तव्य आहे. सेवासुविधांमधले आणि करारातल्या इतर जबाबदाऱ्यांमधले दोषही यात येतात. सामायिक सुविधांची पाच वर्षं नेमकी कधी सुरू होतात यावर वाद घालता येईल, पण त्या भरवशावर राहू नका. सर्वांत आधीचा ताबा धरा आणि आजच लेखी नोटीस स्पीड पोस्टने व ईमेलने पाठवा. 'व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं होतं' म्हणता, ते मेसेज जपा; पुढे मांडायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागेल. तेव्हाच एक साधं पत्र टाकलं असतं, तर ही धावपळ टळली असती.

आता बागेच्या पाण्याचं तुमचं रजिस्टर. जानेवारीत रोज 25 हजार लिटर, आणि भर जुलैतही तेवढंच? पावसात बागेला पाणी कोण घालतं? त्यातून तुमचं एकमेव मीटर शुद्ध केलेल्या पाण्याच्या टाकीनंतर बसवलंय आणि उन्हाळ्यात टँकर त्याच टाकीत रिकामा होतो. म्हणजे विकतचं पाणीही 'पुनर्वापर' म्हणून मोजलं जातं. हे आकडे सही करून मंडळाला देऊ नका. आज बिल्डरच्या गळ्यात असलेला दोष उद्या तुमच्या गळ्यात येईल. आहे ती स्थिती कळवा आणि मुदत मागा. मंडळाचं संमतीपत्र (परवानगी) अजून बिल्डरच्या नावावर आहे का, तेही बघा. उत्तर कोणी द्यायचं हे बऱ्याच अंशी त्यावर ठरेल. संमतीपत्रात सहसा 60 टक्के पाणी फ्लशिंगसारख्या कामांना आणि उरलेलं बागेला किंवा गटारवाहिनीला, अशी अट असते. तुमच्यात काय आहे, ते वाचल्याशिवाय सांगता येणार नाही.

रेटिंग हा बचाव नाही. माहितीपत्रकातलं प्रमाणपत्र बऱ्याचदा नकाशांवर मिळालेलं पूर्व-प्रमाणपत्र असतं. खोट्या जाहिरातीबद्दल रेराच्या कलम 12 खाली भरपाई मागता येईल, पण तो मुद्दा दुय्यम ठेवा.

नवं मीटर बसवण्याची घाई नको. आधी दोषाचा पुरावा म्हणून स्वतंत्र इंजिनिअरकडून पाइपलाइनचा फोटोंसह अहवाल घ्या. 30 दिवसांत बिल्डर हलला नाही, तर सोसायटीच्या नावे महारेरात (राज्याच्या रेरा प्राधिकरणात) तक्रार करा. कायद्यात निकालाला 60 दिवस लिहिलेत. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतील, म्हणून तक्रारीसोबतच अंतरिम आदेशाचा अर्ज जोडा.